उजव्या डोळ्यातली झाडं

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण शिक्षिकेच्या डोळ्याचा पडदा सुटला आहे. उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, तुमचंही असंच झालं होतं ना? त्या दिवसांत तुम्ही कसं निभावलंत?" देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. औषधोपचाराचं डॉक्टर सांगतील. उपचारही आता पुष्कळ बदललेत. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं आणि कुणी कुणी मला धरून ठेवलं, तेवढं सांगते.

काचेवरची शाई

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मुलुंडला, आग्रा रोडपासून थोडं आत, आमच्या दोन खोल्या होत्या. घरात आम्ही चौघं. मी, माझे पती सॅम्युएल, आमची सहा वर्षांची रूथ आणि सासूबाई मार्थाबाई. सासूबाईंना सगळेच आई म्हणत, मीही. सॅम्युएल पोस्टात होते. मी भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ट्रेसर होते. आता हे काम कुणाला माहीतही नसेल. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं यंत्रांचे नकाशे काढत. त्यावर पारदर्शक कागद ताणून, काळ्या शाईनं रेघ न् रेघ गिरवायची, हे आमचं काम. मग अमोनियाच्या मशीनवर त्याच्या निळ्या प्रती निघत. त्या वासानं डोळे चुरचुरायचे, पण मला तो आवडायचा. सकाळी आग्रा रोडवरच्या कारखान्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे. आमचा भोंगा कुठला, ते रूथलाही ओळखता यायचं.

चष्मा मला लहानपणापासूनच जाड. एक दिवस नजरेसमोर काळे ठिपके तरंगायला लागले. मला वाटलं, शाई उडाली असेल. पदरानं काच पुसली, परत पुसली.

शेजारच्या बोर्डावर नंदा शिरोडकर बसायची. ती म्हणाली, "किती पुसशील गं? काच झिजेल ना!"

पुढे डोळे मिटले की कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. थकवा असेल म्हणून तेही मी कुणाला बोलले नाही. आणि मग एका सोमवारी उजव्या डोळ्यात खालच्या बाजूनं काहीतरी काळं वर चढू लागलं. मी डावा डोळा हातानं झाकून नंदाकडे पाहिलं. तिचं कपाळ दिसत होतं, नाक दिसत होतं, खाली काहीच नव्हतं.

"नंदा, तुझी मान कुठे गेली गं?" मी हसत म्हणाले.

नंदा हसली नाही. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं, बाटलीला बूच लावलं आणि म्हणाली, "उठ. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. साहेबांना मी सांगते."

लाल आणि निळा

मुलुंडच्या त्या डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधून बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग टेबलावर कागद ओढला, एक गोल काढला आणि तो लाल-निळ्या पेन्सिलीनं रंगवायला लागले. नकाशे वाचणं माझा रोजचा धंदा. त्यांनी काही सांगण्याआधीच मला कळलं, कारण निळा रंग गोलाच्या मध्याच्या अगदी जवळ उतरत आला होता.

"लाल आहे तो पडदा जागेवर आहे. निळा आहे तो सुटलाय," ते म्हणाले. "मधल्या ह्या ठिपक्यानं आपण बारीकसारीक बघतो. निळं इथं पोचायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हा. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही."

"आणि पोचलं तर?"

"तर चालण्याफिरण्यापुरतं दिसेल. तुमचं काम जमेलच असं सांगता येणार नाही."

नंदानं माझा दंड धरला होता. तिची बोटं मला रुतत होती, तरी तिनं सोडू नये असं वाटत होतं.

आईंची भीती

घरी आल्यावर सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीतून हात काढला नाही.

"शनिवारी अंधेरीला मैदानात प्रार्थनेची मोठी सभा आहे," त्या म्हणाल्या. "लोक बरे होऊन जातायत. शनिवारपर्यंत थांबा. ऑपरेशन-बिपरेशन काही नको."

सॅम्युएल म्हणाले, "आई, डॉक्टर उद्या म्हणतायत."

"बायबलातल्या आंधळ्या बार्तीमयाला कुणी कापलं होतं रे? त्याला दृष्टी आली ना?"

मला आईंचा राग आला नाही. खरं सांगायचं तर, माझ्याही मनात तेच चाललं होतं. सुरीची भीती मलाही होती, आणि भीतीला विश्वासाचे कपडे चढवले की ती फार सोज्वळ दिसते. पण तो निळा रंग काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

मी म्हटलं, "आई, दुसऱ्या एका आंधळ्याला येशूनं थुंकीनं माती कालवून डोळ्यांवर लेप लावला होता. नुसतं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तरी लेप लावला. वर तळ्यावर जाऊन धुऊन ये म्हणाला."

"म्हणजे तुझा डॉक्टर येशू झाला का?"

"नाही. डॉक्टर म्हणजे ती माती."

सॅम्युएलना हसू आलं. आई मात्र उठून मोरीकडे गेल्या. मी पिशवीत कपडे भरत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

"शमूच्या बापालाही असंच चालत नेलं होतं. म्हणाले, संध्याकाळचा चहा घरीच घेईन."

शमू म्हणजे सॅम्युएल. सासरे ऑपरेशनच्या टेबलावर गेले, एवढं मला माहीत होतं. पण त्या सकाळबद्दल आई कधी बोलल्या नव्हत्या. त्या हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही जा. मी हॉस्पिटलात येणार नाही."

तावडेकाकी

कुर्ल्याच्या पलीकडचं ते मोठं रुग्णालय. सॅम्युएलनी टॅक्सीवाल्याला विनवण्या करून गाडी हळू चालवायला लावली. भरती झाल्याबरोबर माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. मला उताणं झोपवलं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. सिस्टर म्हणाली, "आणि रडायचं तर मुळीच नाही." त्या क्षणी मला सगळ्यात जास्त रडावंसं वाटलं.

अंधारात माणूस आधी लहान होतो. ताट कुठे, पाणी कुठे, बोलणारा माणूस आपल्याशी बोलतोय की दुसऱ्याशी, काहीच कळत नाही. मी हाक मारायलाही लाजत होते. तेवढ्यात डाव्या हाताच्या खाटेवरून आवाज आला.

"बाय, तू मुलुंडची मा? मी भांडुपची. घाबरा नको. माजो एक डोळो उघडो आसा, तो दोघींका पुरतलो."

ह्या तावडेकाकी. मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, संपानंतर कुठेतरी वॉचमन म्हणून लागला होता. काकींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची बडबड क्षणभर थांबत नसे. आज भात करपलाय. नवीन सिस्टरची वेणी लांब आहे. समोरच्या म्हातारीची सून आली, पण लांबच बसली. खिडकीतल्या कावळ्यानं कुणाचा तरी पाव पळवला. मी तो वॉर्ड कधी नीट पाहिलाच नाही, पण आजही डोळे मिटले की पार कोपऱ्यातल्या माठापर्यंत सगळा दिसतो, काकींनी दाखवला तसा. सिस्टरांच्या खोलीत रेडिओ बारीक लावलेला असायचा. जुनं गाणं लागलं की काकी बोलायच्या थांबत आणि सगळा वॉर्डच थोडा वेळ शांत व्हायचा.

एका दुपारी भेटीची वेळ सुरू झाली. सॅम्युएल येऊन खाटेजवळ बसले. जरा वेळानं काकी म्हणाल्या, "तुज्या पायाशी चेडू उभा आसा गो. बोलणा नाय."

रूथ होती. मला रडू आलं तर माझा डोळा बिघडेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती श्वास धरून उभी होती. मी पायाचा अंगठा हलवला. तिनं तो मुठीत घट्ट धरला आणि सगळा वेळ धरून ठेवला. प्रार्थना करताना शब्द सापडले नाहीत की मला ती मूठ आठवते. देवाजवळ असं नुसतं धरून उभं राहिलं तरी चालत असावं.

डबा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकी म्हणाल्या, "दारात एक म्हातारी उभी आसा. हातात डबो. आत येवचा की नको, ह्याच तिचा ठरणा नाय."

"कशी आहे दिसायला?"

"पांढरा लुगडा. चष्म्याक दोरी बांधलेली."

मी ओरडलेच, "आई!"

पावलं जवळ आली. डब्याचं झाकण निघालं आणि लसणीचा वास आला. आईंनी भाकरी दुधात कुस्करली.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

आपल्या हातानं न जेवणं ही काय गोष्ट आहे, ते पट्टी बांधल्याशिवाय कळत नाही. घास कधी येणार, केवढा येणार, ठाऊक नसतं. तोंड उघडून थांबायचं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही प्रार्थना मी जन्मभर म्हणत आले होते, पण पगारदार बाईच्या तोंडी ती नुसती म्हणण्यापुरती असते. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती खरोखर तोंड उघडून म्हटली.

आईंची प्रार्थना नेहमी लांबलचक असे. त्यात मंडळी, शेजारी, मिशनरी, देशाचे पुढारी, सगळे येत. त्या दिवशी त्यांनी माझ्या पट्टीवर हात ठेवला. "प्रभू, हिला घरी आण," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला ऑपरेशनला नेलं, तेव्हा तिथल्या दरवाजापर्यंत त्यांची चप्पल माझ्या स्ट्रेचरच्या गाडीबरोबर वाजत होती.

दोनदा कित्याक?

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा उलट्या, डोळ्यात ठणका आणि परत तोच अंधार. दिसेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं. "पट्टी काढल्यावर बघू," एवढंच.

सॅम्युएल रोज संध्याकाळी बायबलमधला एक शास्त्रभाग वाचायचे. मी त्यांना बेथसैदाच्या आंधळ्याचा भाग वाचायला सांगितलं. येशूनं त्याचे डोळे ओले केले, हात ठेवले आणि विचारलं, तुला काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशूनं पुन्हा हात ठेवले आणि त्याला सगळं स्वच्छ दिसू लागलं.

काकी ऐकत होत्या. "दोनदा कित्याक?" त्यांनी विचारलं. "देव मा तो? मगे एका खेपेक जमाक नाय?"

सॅम्युएल गोंधळले. रविवारच्या शाळेत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "त्यात काहीतरी शिकवण असणार, काकी," ते म्हणाले.

"शिकवण राहू दे. पण तो माणूस बरो होतो. खरा सांगल्यान. माका पयल्या ऑपरेशनानंतर डॉक्टरान विचारल्यान, दिसता काय? मी घाबरान म्हटलंय, सगळा दिसता. आणि आता परत हय येऊन पडलंय."

वॉर्डात दोन-तीन बायका हसल्या. मीही हसले, आणि हसणं चालतं का ते सिस्टरला विचारायचं राहिलं, म्हणून घाबरले.

काकी माझ्या आधी घरी गेल्या. जाताना त्यांनी माझ्या तळहातावर एक साखरेचा खडा ठेवला. "कणकवलीक ये," म्हणाल्या. मी भांडुपला इतकी वर्षं कामावर गेले, पण त्या मला परत भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तरी त्या बोलल्याशिवाय ओळखलं नसतं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

रेघ

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसता पांढरा प्रकाश आला. मग त्यात आकार हलले. पुढच्या महिन्यांत त्यांना कडा आल्या. सावली खालून सरली, पण उजव्या बाजूला थोडी राहिली ती कायमची. आणि मधोमध सगळं वाकडं झालं. खिडकीचे गज पाण्यात पडल्यासारखे हलत. डॉक्टर म्हणाले, "पडदा बसलाय. जेवढं आलं तेवढं आपलं."

मी कामावर रुजू झाले. बोर्डावर कागद लावला, टी-स्क्वेअरची लांब पट्टी धरली आणि एक रेघ ओढली. रेघ नागमोडी गेली. खोडली, पुन्हा ओढली. पुन्हा नागमोडी.

"नंदा, माझं काम गेलं गं. रेघ सरळ येत नाही."

नंदा उठून आली, वाकून बघितलं. "अगं ए येडे, सरळ तर आहे! तुझा डोळा वाकडा झालाय, रेघ नाही. पट्टी धरलीस ना? मग पट्टीवर भरवसा ठेव ना यार."

ती सहज बोलली. मी मात्र त्या वाक्यावर कितीतरी दिवस काढले. जे समोर आहे ते मला वाकडं दिसतं, म्हणून ते वाकडं असेलच असं नाही. देवाच्या वचनाची पट्टी धरायची, हात हलू द्यायचा नाही आणि रेघ ओढायची. विश्वास म्हणजे याहून फार मोठं काही असेल असं मला अजूनही वाटत नाही.

तरी खोटं कशाला सांगू? बारीक काम झेपेना, डोकं ठणकायचं. सहा-एक महिन्यांनी मी साहेबांकडे जाऊन प्रिंट रूममध्ये बदली मागून घेतली. माझा बोर्ड दुसऱ्या मुलीला मिळाला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागच्या बाजूला गेले. तिकडे नाहूरपर्यंत तेव्हा मोकळं रान दिसायचं. तिथे उभी राहून पोटभर रडले. आता रडायला परवानगी होती.

साक्ष

मंडळीत मात्र आईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की प्रभूनं प्रभाचा, म्हणजे माझा, डोळा परत दिला. स्त्रीमंडळाच्या सोनवणेबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी तुमची साक्ष होऊ दे."

देवानं आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, ती साक्ष. सोनवणेबाई गेल्यावर मी आईंना म्हटलं, "मी काय सांगू? मला अर्धंच दिसतं."

"बरी झाले म्हणून सांग ना. अर्धं म्हटलंस तर लोक काय म्हणतील? देवानं अर्धंच केलं?"

आईंना देवाच्या नावाची काळजी होती. ती खोटी नव्हती. शनिवारभर मी तेच मनात घोळवत राहिले. उभी राहून खोटं बोलायचं नव्हतं, आणि आईंना सगळ्या मंडळीसमोर खाली पाहायला लावायचंही नव्हतं.

रविवारी मी पुढे गेले. हातात बायबल होतं, पण ते उघडलं नाही. अक्षरं वाकडीच दिसली असती. मी म्हटलं, "बेथसैदाच्या माणसाला प्रभूनं विचारलं, काही दिसतं का? तो भिडेखातर म्हणू शकला असता, सगळं दिसतं. त्यानं झाडं दिसतात म्हणून सांगितलं, म्हणून त्याच्यावर दुसऱ्यांदा हात आला. प्रभूनं मला हॉस्पिटलातून घरी आणलं. त्यासाठी त्यानं डॉक्टर दिला, मैत्रीण दिली, एक कणकवलीच्या काकी दिल्या, आणि माझी सासू दिली, जिनं मला आपल्या हातानं जेवू घातलं. पण तुम्ही विचाराल तर ह्या उजव्या डोळ्याला अजून झाडंच दिसतात. पुढचा हात ह्या जन्मी येईल की नाही, मला माहीत नाही. मी अजून त्याच्यासमोरच उभी आहे, एवढं सांगायला आले."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पेटीवाल्यांनी गीत सुरू करायलाही जरा वेळ लावला. मी जागेवर आले तेव्हा आई समोर बघत होत्या.

घरी जाताना

सॅम्युएल आणि रूथ पुढे गेले होते. मी आणि आई मागे. आग्रा रोडवर आलो, मी दोन्ही बाजूंना पाहिल्यासारखं केलं आणि पाऊल टाकलं. आईंनी मला दंडाला धरून मागे खेचलं. उजवीकडून एक ट्रक अगदी पदराला वारा घालून गेला.

आईंना धाप लागली होती. मलाही.

"इकडून तुला काहीच दिसत नाही?"

"सावली दिसते, आई."

"घरात कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "विचारायला भीती वाटायची गं. मला वाटायचं, बरं झालं, बरं झालं म्हणत राहिलं की होईल." आणि चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, "आज बोललीस ते बरं केलंस. मला कुठं कधी एवढं धाडस झालं? शमूचे वडील गेल्यापासून मी पण देवासमोर अर्धीच उभी आहे."

त्या माझ्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या, माझा हात काखेत घेतला आणि मला रस्त्यापलीकडे नेलं.

त्यानंतर त्या नेहमी उजवीकडूनच चालल्या. बाजारात, देवळात, नाताळच्या गर्दीत, कुठेही. आपण स्वतः थकल्या, काठी आली, तरी आधी माझी उजवी बाजू धरायच्या आणि मग काठी टेकायच्या. शेजारणी हसायच्या की कोण कुणाला नेतंय तेच कळत नाही.

आई गेल्या तेव्हा रूथ कॉलेजात होती. दफनभूमीची वाट खडबडीत होती, उन्हात डोळे दिपत होते. मी शवपेटीच्या मागून चालत होते. थोडं चालल्यावर कुणीतरी माझ्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आलं आणि माझा हात काखेत घेतला. रूथ होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.